मेनफ्रेम शिकायचंय? कोबॉलचं पुस्तक बाजूला ठेवा, आधी एक जॉब सबमिट मारा

मेनफ्रेम, म्हणजे बँकांसारख्या ठिकाणचे प्रचंड व्यवहार हाकणारा मोठा कॉम्प्युटर, म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर खोलीभर कपाटं आणि गरगर फिरणाऱ्या टेप येतात, आणि मग "ते अजून चालू आहे?" हा प्रश्न ठरलेला. चालू आहे की. एप्रिल २०२५ मध्ये आयबीएमने झेड१७ हे नवं मेनफ्रेम जाहीर केलं, जूनपासून ते मिळायलाही लागलं. त्यातल्या टेलम टू प्रोसेसरला ८ कोअर, स्पीड ५.५ गिगाहर्ट्झ, आणि एआयचं गणित करणारा भाग त्याच चिपवर. एका मशीनला २०८ पर्यंत कोअर आणि ६४ टेराबाइट मेमरी घेता येते. चिपवर एआय कशाला हवंय, तर कार्डाचा व्यवहार चालू असतानाच तो फ्रॉड आहे का हे तपासायचं असतं आणि त्यासाठी डेटा दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवून उत्तराची वाट बघत बसायला तिथे वेळच नसतो. मोठी मॉडेल्स चालवायला स्पायर नावाचं वेगळं ३२ कोअरचं कार्ड आहे, तेही २०२५ च्या शेवटी आलं. आणि त्याच मशीनवर १९६४ च्या सिस्टम/३६० साठी लिहिलेले बरेचसे प्रोग्राम आजही मुकाट चालतात. एकाच खोक्यात हे दोन्ही असणं, मला तरी यातच सगळी मजा वाटते.

हे लिहितोय ते थोडंफार प्रोग्रामिंग येणाऱ्या, पायथन वगैरे केलेल्या पण मेनफ्रेम कधीच न पाहिलेल्या लोकांसाठी. नवीन माणूस साधारण काय करतो तर कोबॉल या मेनफ्रेमवरच्या जुन्या भाषेचा कोर्स लावतो, चार दिवस डिव्हिजन आणि सेक्शन पाठ करतो आणि कंटाळून सोडून देतो. कोबॉल अवघड नाहीये हो, दोन आठवड्यांत वाचता यायला लागतं. अडतं ते आजूबाजूच्या सगळ्यात, म्हणजे फाइल कुठे असते, प्रोग्राम चालवायचा कसा, आउटपुट कुठे गेलं आणि फाटलं, म्हणजे काम मध्येच कोसळलं, तर कुठे बघायचं. म्हणून आपण उलट्या टोकाने सुरू करूया.

पायरी १: लॅपटॉपवर एक जुनं मेनफ्रेम उभं करा

हर्क्युलीस नावाचा एक एम्युलेटर, म्हणजे मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम, आहे, रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला, ओपन सोर्स. विंडोज, लिनक्स, मॅक, सगळीकडे चालतो. त्यावर चालवायला एमव्हीएस ३.८जे ही साधारण १९८० च्या आसपासची आयबीएमची ऑपरेटिंग सिस्टम मोकळेपणाने मिळते, आणि ती एकेक करून बसवायची कटकट नको म्हणून हौशी लोकांनी सगळं तयार करून एका झिपमध्ये बांधून ठेवलंय. आधी टीके४ मायनस नावाचं पॅकेज फेमस होतं, आता त्याच्यापुढचं टीके५ आहे, तेच घ्या.

झिप उघडायची, त्यातली एमव्हीएस नावाची स्क्रिप्ट चालवायची, की समोर मेसेजचा धबधबा सुरू होतो, याला आयपीएल म्हणतात म्हणजे आपलं बूट होणं. तो शांत झाला की एक ३२७० टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे मेनफ्रेमच्या जुन्या स्क्रीनची नक्कल, लागेल, एक्स३२७० कुटुंबातलं कुठलंही चालेल, ते लोकलहोस्टच्या ३२७० पोर्टला जोडा. लॉगऑनची स्क्रीन येईल, युजर आणि पासवर्ड झिपबरोबरच्या कागदपत्रांत आहेत. बंद करताना खिडकीच्या फुलीवर क्लिक करून मोकळं होऊ नका, शटडाउनची पद्धत त्याच कागदपत्रांत दिलीये ती वापरा, नाहीतर पुढच्या वेळी डिस्क रुसून बसतात.

एक इशारा. नेटवर झेड/ओएस या आजच्या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टमच्या चोरीच्या कॉप्या फिरत असतात आणि "हर्क्युलीसवर टाक, चालतं" असं कोणीतरी सांगतंच. आयबीएम झेड/ओएसला हर्क्युलीसवर चालवायचं लायसन्स देत नाही. ज्या क्षेत्रात नोकरी करायचीये त्याची सुरुवात तिथून करू नका, आणि गरजही नाही, खरं झेड/ओएस फुकटात वापरायचा सरळ रस्ता आहे, तो पुढे येतो.

पायरी २: काळ्या स्क्रीनशी जरा जमवून घ्या

ही स्क्रीन लिनक्सच्या टर्मिनलसारखी दिसते पण वागत नाही. २४ ओळी, ८० कॉलम, आणि तुम्ही काहीही टाइप करा, एंटर किंवा एखादी पीएफ की (म्हणजे फंक्शन की) दाबेपर्यंत मशीनला त्यातलं एक अक्षरही कळत नाही. सगळी स्क्रीन एका दमात जाते. हजारो लोक एकाच मशीनवर असताना प्रत्येक अक्षरामागे सीपीयूला उठवायचं नाही हा त्यामागचा विचार, आणि वेबवरचा फॉर्म भरून सबमिट करतो तेव्हा आपण तेच करत असतो.

कर्सर जिथे लिहायची परवानगी नाही तिथे नेऊन टाइप केलंत तर कीबोर्ड लॉक होतो आणि खाली एक एक्स दिसतो. घाबरायचं नाही, रिसेट दाबायचं. पीएफ३ म्हणजे मागे, पीएफ७ वर, पीएफ८ खाली. एवढं बोटात बसलं की बाकीचं होतं आपोआप.

पायरी ३: काहीच न करणारा प्रोग्राम चालवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे म्हणून इथे जरा रेंगाळतो.

मेनफ्रेमवर प्रोग्राम नुसता "चालवत" नाहीत, जॉब सबमिट करतात. जॉब लिहायचा जेसीएलमध्ये, आणि जेसीएलमध्ये मुळात तीनच वाक्यं आहेत: जॉब (मी कोण), एक्झेक (कुठला प्रोग्राम) आणि डीडी (त्या प्रोग्रामला कुठल्या फाइली). प्रत्येक ओळ दोन तिरक्या रेघांनी सुरू होते आणि ७१ व्या कॉलमपर्यंत संपवायची, कारण या ओळी एकेकाळी ८० कॉलमची पंचकार्डं होती आणि शेवटचे ८ कॉलम कार्डांच्या नंबरासाठी राखलेले असायचे. पंचकार्डं जाऊन कित्येक वर्षं झाली पण कॉलम तिथेच आहेत.

पहिल्या जॉबसाठी प्रोग्राम घ्या आयईएफबीआर१४. हा प्रोग्राम काहीही करत नाही, खरंच काही नाही. मूळ रूपात त्यात एकच इन्स्ट्रक्शन होती, "जिथून आलास तिथे परत जा". आणि गंमत म्हणजे त्या एका इन्स्ट्रक्शनमध्येही बग निघाला, कारण प्रोग्राम संपताना रिटर्न कोड रजिस्टर १५ मध्ये बघितला जातो आणि ह्याने ते रजिस्टर शून्य केलंच नव्हतं, त्यामुळे काहीच न करणारा प्रोग्राम कधीकधी फेल झाल्यासारखा दिसायचा. मग दुसरी इन्स्ट्रक्शन टाकून रजिस्टर शून्य केलं.

पण मग काहीच करत नाही तर वापरतात कशाला? कारण काम डीडी करते. तुम्ही डीडीमध्ये लिहिलंत की हा डेटासेट (म्हणजे इथली फाइल) नवीन आहे, जॉब नीट संपला तर कॅटलॉगमध्ये (कुठली फाइल कुठे आहे त्या यादीत) नोंदव, फाटला तर उडव, की हे सगळं सिस्टम करते, प्रोग्राम नाही. फाइल बनवणं, जपणं, उडवणं हे प्रोग्रामच्या बाहेर ठेवलंय, आणि हा विचार एकदा डोक्यात बसला की मेनफ्रेमचं अर्धं कोडं सुटतं. कोबॉलच्या प्रोग्रामला फाइलचं खरं नाव माहीतच नसतं, त्याला फक्त डीडीचं नाव माहीत, म्हणून तोच प्रोग्राम एका ओळीचाही बदल न करता टेस्टच्या फाइलवरही चालतो आणि प्रॉडक्शनच्याही.

तर करायचं असं. डेटासेटला तुमच्या युजर आयडीने सुरू होणारं नाव द्या, रेकॉर्ड ८० बाइटचं फिक्स्ड, जागा एक ट्रॅक (डिस्कवरची जागा मोजायचं माप) प्रायमरी म्हणजे सुरुवातीला, एक सेकंडरी म्हणजे ती भरल्यावर, आणि सबमिट. हो, जागा आधी सांगावी लागते. फाइल आपोआप फुगत जाईल हा प्रकार इथे नाही.

आता आउटपुट उघडा. टीके५ मध्ये प्रिंटर म्हणजे तुमच्या डिस्कवरची एक साधी टेक्स्ट फाइल असते, प्रिंटरच्या फोल्डरमध्ये बघा. तुमच्या तीन-चार ओळींच्या जॉबला केवढं मोठं आउटपुट आलंय ते वरपासून खालपर्यंत वाचा, कुठली स्टेप, रिटर्न कोड काय, कुठला डेटासेट कुठल्या व्हॉल्युमवर (म्हणजे डिस्कवर), ठेवला की उडवला. कंटाळा येईल, तरी वाचा. ज्याला हे वाचता येतं त्याला ऑफिसात लोक शोधत येतात.

मग तोच जॉब, काहीही न बदलता, पुन्हा सबमिट मारा. आता फाटेल, कारण त्या नावाचा डेटासेट आधीच आहे. पण हे फाटणं दोन प्रकारचं असतं. डेटासेट त्याच व्हॉल्युमवर गेला तर डुप्लिकेट नावाचा एरर येऊन जॉब सरळ थांबतो, ते बरं. दुसऱ्या व्हॉल्युमवर जागा मिळाली तर मात्र डेटासेट तिथे तयार होतो, कॅटलॉगमध्ये नोंद होत नाही, आउटपुटमध्ये कुठेतरी "नॉट कॅटलॉग्ड २" असा एक बारका मेसेज येतो आणि रिटर्न कोड तरीही शून्य! म्हणजे सगळे खूश आणि पुढचा जॉब जुनीच फाइल वाचत बसलाय. नुसता रिटर्न कोड बघून "झालं" म्हणायचं नाही ते याच्यासाठी.

अजून एक. जेसीएलमध्ये स्वल्पविरामानंतर चुकून स्पेस पडली तर त्याच्यापुढचं त्या ओळीवरचं सगळं कमेंट समजलं जातं. काही वेळा एरर येतो, काही वेळा येतही नाही, तुमचा पॅरामीटर गुपचूप गायब. ओळ डोळ्याला एकदम बरोबर दिसते.

पायरी ४: मुद्दाम फाडा

प्रोग्राम मध्येच कोसळला की त्याला अबेंड म्हणतात आणि प्रत्येक अबेंडला कोड असतो. हे कोड पाठ करू नका, स्वतः घडवून आणा. एक्झेकमध्ये प्रोग्रामचं नाव चुकीचं लिहा, ८०६ मिळेल. टाइम पॅरामीटरला पाच सेकंद देऊन एखादी न संपणारी लूप चालवा, ३२२ मिळेल. एक ट्रॅकच्या डेटासेटमध्ये ढीगभर रेकॉर्ड ओतत राहा, बी३७ मिळेल, कारण साध्या डेटासेटला एका व्हॉल्युमवर जास्तीत जास्त १६ तुकडे मिळतात, मग जागा संपली.

आणि सगळ्यांचा लाडका सॉक-सेव्हन, म्हणजे एस०सी७. हा समजून घेण्यासारखा आहे. मेनफ्रेमवर पैशाचे आकडे बऱ्याचदा पॅक्ड डेसिमलमध्ये ठेवतात, कोबॉलमध्ये त्याला कॉम्प-३ म्हणतात. १२३४५ हा आकडा तीन बाइटमध्ये असा बसतो: १२, ३४, ५सी. एका बाइटमध्ये दोन अंक आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह, सी म्हणजे प्लस, डी म्हणजे मायनस. यात बायनरी फ्लोटसारखं पैशांचं राउंडिंग गडबडत नाही, म्हणून हिशोबाच्या कामाला हे आवडतं. आता समजा त्या जागी कोणीतरी आकड्याऐवजी नुसत्या स्पेस टाकल्या. मेनफ्रेमच्या एब्सिडिक कोडमध्ये स्पेस म्हणजे ४०, म्हणजे तीन बाइट झाले ४०, ४०, ४०. शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह हवं होतं, तिथे ० आहे, आणि ० हे चिन्ह असूच शकत नाही. बेरीज करायला गेलं की प्रोसेसर स्वतःच हात वर करतो, डेटा एक्सेप्शन, नंबर ७, म्हणून सॉक-सेव्हन. डंपमध्ये, म्हणजे कोसळताना छापलेल्या मेमरीत, ४०४०४० दिसलं की अनुभवी माणूस बाकी काही न बघता विचारतो, "फील्ड इनिशियलाइज केलं होतं का?"

एब्सिडिकवरून आठवलं, त्यात ए ते झेड सलग नाहीत. आय हा सी९ वर आहे आणि जे थेट डी१ वर. त्यामुळे "अक्षराच्या कोडमध्ये १ मिळवला की पुढचं अक्षर" ही सवय इथे चालत नाही.

पायरी ५: आता खऱ्या, आजच्या मशीनवर या

टीके५ ची मर्यादा समजून घ्या, ती २४-बिटची सिस्टम आहे, एका ॲड्रेस स्पेसला १६ मेगाबाइट, बस. तिच्यातला कोबॉल कंपायलर इतका जुना की त्यात एंड-इफ सुद्धा नाही. पाया पक्का करायला उत्तम, पण तिथेच राहू नका.

आयबीएम झेड एक्सप्लोर म्हणून फुकट लर्निंग प्लॅटफॉर्म आहे, पूर्वी विद्यार्थ्यांसाठी मास्टर द मेनफ्रेम नावाची स्पर्धा असायची तिच्या जागी आलेला. रजिस्टर केलं की खऱ्या झेड/ओएसवरचा युजर आयडी मिळतो आणि एकेक चॅलेंज सोडवत जायचं. एक चॅलेंज झालं की ते तपासणारा जॉबही तुम्हीच सबमिट करायचा, पास झालात तर पुढे. तिसरी पायरी नीट केली असेल तर सुरुवातीची चॅलेंज भराभर सुटतील, आणि जी मंडळी थेट इथे येतात ती नेमकी जेसीएलच्या चॅलेंजपाशी अडकलेली दिसतात.

इथे काळी स्क्रीन जवळजवळ लागतच नाही. व्हीएस कोड उघडायचा, झोवे एक्सप्लोरर हे एक्स्टेन्शन टाकायचं, की डावीकडे डेटासेट, युनिक्स फाइली आणि जॉब अशी तीन झाडं दिसतात, डेटासेट उघडून एडिट करा, राइट क्लिक करून सबमिट करा, आउटपुट बाजूच्याच टॅबमध्ये. झोवे २०१८ मध्ये ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टमधून आलं, म्हणजे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालचं, आणि माझ्या मते नव्या लोकांसाठी गेल्या दहा वर्षांत झालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, नवीन चिपपेक्षाही. त्याची कमांड लाइनही आहे, म्हणजे जॉब सबमिट करून आउटपुट खेचणारी स्क्रिप्ट तुम्ही पायथनमध्ये सुद्धा लिहू शकता. झेड/ओएसवर आता पायथन, नोड, गो, गिट सगळं चालतं आणि अँसिबलने ऑटोमेशन करतात. तरी काळी स्क्रीन सोडू नका, रात्री काही पडतं तेव्हा सीनियर लोक तिथेच असतात.

एआयचं काय, हेही विचारलं जातंच. आयबीएमने २०२३ मध्ये वॉटसनएक्स कोड असिस्टंट फॉर झेड आणलं, ते जुनं कोबॉल समजावून सांगतं, जावामध्ये बदलायला मदत करतं. साधे चॅटबॉटही जेसीएल लिहून देतात. वाचायला, समजून घ्यायला बिनधास्त वापरा. लिहून घेतलेलं जेसीएल मात्र ओळ न ओळ तपासा, विशेषतः डिस्प, म्हणजे फाइल नवीन की जुनी आणि ठेवायची की उडवायची हे सांगणारा डीडीतला पॅरामीटर, तिथे नवीनच्या जागी जुनं किंवा ठेवच्या जागी उडव झालं तर एआय येणार नाहीये फाइल परत आणून द्यायला.

पायरी ६: आता कोबॉल, पण एका खऱ्या कामासाठी

ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टचा कोबॉल प्रोग्रामिंग कोर्स गिटहबवर फुकट आहे, तो व्हीएस कोड धरूनच शिकवतो. नुसती भाषा घोटायची असेल तर लॅपटॉपवर ग्नूकोबॉल टाका, पण त्यात जेसीएल, डेटासेट यातलं काहीच नाही हे लक्षात असू द्या.

कोर्स अर्ध्यावर आला की हा प्रोजेक्ट करा. दोन फाइली घ्या, एक मास्टर (खातेदार आणि शिल्लक) आणि एक दिवसभरातल्या व्यवहारांची. दोन्ही खाते नंबरने सॉर्ट करा, त्यासाठी जेसीएलमध्ये वेगळी सॉर्टची स्टेप. मग कोबॉलचा प्रोग्राम दोन्ही फाइली एकत्र वाचत जातो, नंबर जुळला की शिल्लक बदलतो आणि नवी मास्टर फाइल लिहितो. ऐकायला सोपं आहे. आता हे सांभाळा: व्यवहार आहे पण खातंच नाही, खातं आहे पण आज व्यवहार नाही, एकाच खात्याचे सात व्यवहार, आणि एक फाइल आधी संपली तर दुसरीतलं उरलेलं. शेवटच्यासाठी जुनी युक्ती अशी की संपलेल्या फाइलची की (इथे खाते नंबर) हाय-व्हॅल्यूज, म्हणजे शक्य तेवढी मोठी, करून टाकायची, म्हणजे ती कायम "मोठी" राहते आणि तुलना आपोआप बरोबर होत जाते. डेटाबेस आल्यावरही बॅचमध्ये हे लॉजिक जागोजागी भेटतं, इंटरव्ह्यूमध्येही विचारतात.

पूर्ण झालं की जेसीएल, प्रोग्राम, टेस्ट डेटा आणि एका फाटलेल्या रनचं आउटपुट, कारणासकट, गिटहबवर टाका. ते फाटलेलं आउटपुट मुद्दाम टाकायचं, बॅजच्या रांगेपेक्षा ते जास्त बोलतं.

जाता जाता, पोरांना या क्षेत्रात ओढायचं असेल असे सीनियर लोक हे वाचत असतील तर त्यांनाही एक सांगतो. इतिहासाची स्लाइड शेवटी ठेवा. पहिल्या तासात त्यांच्या हातून एक जॉब सबमिट होऊ दे आणि एक फाटू दे. अमेरिकेत कॉनर क्रुकोस्की नावाच्या पोराने वयाच्या १८ व्या वर्षी एका विद्यापीठाचं निवृत्त झालेलं झेड८९० मेनफ्रेम लिलावात २३७ डॉलरला घेतलं, आईवडिलांच्या तळघरात नेऊन चालू केलं, २०१६ मध्ये शेअर या मेनफ्रेमवाल्यांच्या संमेलनात त्यावर भाषण दिलं आणि पुढे आयबीएमनेच त्याला नोकरी दिली. त्याला कोणी "मेनफ्रेमचं महत्त्व" समजावलं नव्हतं, त्याला ते खोलून बघायचं होतं.

पायरी ७: लिनक्सच्या दाराने शिरायचं असेल तर

काहींना जेसीएल बघूनच कसंतरी होतं, ठीक आहे, त्यांच्यासाठी वेगळं दार आहे. मेनफ्रेमवर लिनक्स पंचवीसेक वर्षं चालतंय, आर्किटेक्चरचं नाव एस३९०एक्स, आणि नुसतं लिनक्स चालवणारी लिनक्सवन नावाची मशीन्सही आहेत. हे आर्किटेक्चर बिग एंडियन आहे, म्हणजे ३२ बिटमध्ये १ हा आकडा मेमरीत ०० ०० ०० ०१ असा बसतो, तुमच्या लॅपटॉपवर मात्र ०१ ०० ०० ००. ज्या ओपन सोर्स लायब्ररीने बाइट थेट मेमरीतून उचलून फाइलमध्ये टाकले असतील ती इथे हमखास चुकते आणि बहुतेक मेंटेनरांकडे तपासायला असं मशीन नसतं. नवख्या माणसाला पहिलं खरं योगदान द्यायला याच्याइतकी मोकळी जागा क्वचितच मिळेल. झोवे आणि बाकीच्या प्रोजेक्टांसाठी ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टचा मेंटॉरशिप कार्यक्रमही आहे, विद्यार्थ्यांनी तो जरूर बघावा.

सुरुवात क्यूईएमयू या एम्युलेटरने करा, डॉकरला प्लॅटफॉर्म एस३९०एक्स सांगितला की कंटेनर तुमच्याच मशीनवर चालतो, हळू चालतो पण चालतो. एखादी लहान लायब्ररी निवडा, तिच्या टेस्ट चालवा, कुठली फाटते बघा. खऱ्या हार्डवेअरवर बघायचं असेल तर लिनक्सवन कम्युनिटी क्लाउडवर १२० दिवसांसाठी फुकट व्हर्च्युअल मशीन मिळतं. ते पहिल्याच दिवशी मागू नका, दिवस मोजणं लगेच सुरू होतं, क्यूईएमयूवर फाटणारी टेस्ट हातात आली की मगच मागा.